जोंधळ्याएवढी गोळी

सकाळी थंड इंजिन सुरू केलं की
आतून कुणी वाटीवर चमचा वाजवल्यासारखं
टक टक टक टक.
शाळेच्या फाटकापर्यंत सोबत यायचं, मग गप्प व्हायचं.
माघापासून फाटकाशीही गप्प होईना.

मुनाफभाईंनी स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावली,
टोक इंजिनावर टेकवलं, डोळे मिटले.
चौतीस वर्षं डेपोत काढलेला माणूस,
त्याला माणसांचं कमी ऐकू येतं, लोखंडाचं नाही.
"लिफ्टर. तेल धरीनात.
घरीच धुवा, मास्तर, पैसे कामून घालता?
फक्त ज्याचा खड्डा त्याला. अदलाबदल केली की मेलो आपण."

ज्याचा खड्डा त्याला,
म्हणून घरातलं आप्पेपात्र मागितलं.
ही बघत राहिली.
पुन्हा चुलीवर चढणार नाही, या बोलीवर सोडलं.
खड्डे सात. शेजारचं मागून आणलं, आणखी सात.
उरलेल्या दोघांना लोणच्याच्या वाट्या.
शिवलीलानं खडूनं आकडे घातले,
नऊचा आकडा उलटा, नववीत असून.

गावाच्या कडेनं त्या आठवड्यात हळद शिजत होती.
सगळ्या वसमतला ओल्या हळदीचा वास,
आमच्या अंगणाला तेवढा डिझेलचा.

लिफ्टर लाकडावर पालथा धरून आपटायचा, हळू,
लेकराची ढेकर काढतात तसा.
मग प्लंजर सुटतो, मग स्प्रिंग,
मग ती गोळी, जोंधळ्याएवढी,
जिच्या भरवशावर तेल आत थांबतं.
प्रत्येकाच्या तळाशी काळी साय.
तेल पुढच्या महिन्यात बदलू, असं मी जितक्यांदा म्हणालो
तितके थर. जुन्या टूथब्रशनं खरवडत बसलो.

नवव्याची गोळी नव्हती.

आत्ता होती. चिमटीत होती.
आम्ही दोघं गुडघ्यांवर,
स्पीकरमधलं चुंबक दोऱ्याला बांधून अंगणभर ओढत.
एक खिळा निघाला, दोन आकडे,
हरवलेला म्हणून पोराला रागावलो होतो तो रुपया निघाला.
कुंपणावरून धुरपताकाकू :
"काय हुडकायलाव, मास्तर?"
"गोळी."
"बीपीची?"

तेवढ्यात काकूंची तांबडी कोंबडी
आप्पेपात्रापासून निघाली, मान ताठ,
काहीच न केल्यासारखी.
आम्ही एकमेकांकडं पाहिलं.
शिवलीलानं तिला काखेत धरलं
आणि मी, विज्ञानाचा शिक्षक,
कोंबडीच्या गळ्याला चुंबक लावून बघितलं.
चुंबक हललं नाही. कोंबडी मात्र
कुणी चोरीचा आळ घ्यावा तशी ओरडली.
काकूंनी तिला नेलं आणि दार लावून घेतलं.

दिवेलागणीला मुनाफभाई आले.
गोष्ट सगळी ऐकून घेतली, म्हणजे ओठ बघून घेतले,
आणि माझा उजवा हात वळवून धरला.
कोपराला, ग्रीसमध्ये, गोळी.
"मास्तर," एवढंच म्हणाले.

मग ताज्या तेलाची वाटी.
लिफ्टर बुडवायचा, दाबायचा, सोडायचा,
बुडबुडे येतात, पुन्हा दाबायचा.
हवा संपली की अंगठ्याला कळतं :
आतून कुणीतरी नाही म्हणतं.
शिवलीलाला हे सगळ्यात आवडलं.
अकरापासून पुढचे तिनंच भरले.

सुरू केली तर आवाज पहिल्यापेक्षा मोठा.
माझं तोंड उतरलं. मुनाफभाईंनी बोट वर केलं : थांबा.
सहा गप्प झाले, मग बरेच,
एक राहिला. कितवा ते कळेना.
"चालवा थोडी. येतो वळणावर."

रविवारी औंढ्याच्या रस्त्याला लागलो.
शिरडशहापूरच्या पुढं शिवलीला म्हणाली,
"बाबा, थांबलंय कधीचं."
मी तिला नऊ कसा काढायचा ते सांगत होतो.

संध्याकाळी काकूंच्या नातवानं अंडं आणून दिलं.
"आजी म्हणली, मास्तरला म्हणाव
कानाशी हलवून बघा, आत वाजतंय का."

मी हलवून बघितलं.