पाचव्या दिवसाचं पाणी

रात्री दोनला नळ खोकतो.
एकतीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलेला मी
लुंगी खोचून मोटर लावतो.

सुखाची व्याख्या
वहीच्या सतराव्या पानावर अडकलीय.
इथे मात्र पिंप भरत येतं
तसा पाण्याचा आवाज चढत जातो,
आणि त्यासोबत मीही.

तेवढ्यात पलीकडे लच्चव्वा गाजूलची मोटर बंद पडली.
मला बरं वाटलं.
हो. बरंच वाटलं.
माझी धार लगेच जाड झाली होती.

माणसाला आपली खोट कळते.
कळल्यानं धार बारीक होत नाही.

"सर, पाईप टाका की हिकडं!"
टाकला.
चांगुलपणा वगैरे नाही;
हाक आली की हात आधी उठतो,
विचार मागून चप्पल शोधत येतो.

अशोक चौकाकडे रात्रपाळीचे माग खडखडत होते.
"रातभर काय लिव्हलालाव ओ सर?"
"हिशेब."
"जमला का?"

पाईप गुंडाळताना
आत राहिलेलं पाणी कुणाचं, ते ठरेना.
शहाबादीवर सांडलं.
गल्लीतलं लंगडं कुत्रं आलं,
चाटून गेलं.