कालवांची पातळी

मी जुव्याच्या मानशीवर पहिल्यांदा गेले
ते भांगाच्या दिवसांत, ओहोटी लागल्यावर.
डंपी माझ्या खांद्यावर, पट्टी यल्लाप्पाच्या,
आणि फायलीत तीन ओळींचा अर्ज:
खाजनाचा बांध फुटला आहे, लांबी सत्तावीस मीटर,
तातडीने अंदाजपत्रक व्हावे.

सत्तावीस मीटर म्हणजे किती, ते तिथे कळलं.
भाताच्या पात्यांवर मिठाची साय,
शेतात बोय माशांच्या उड्या,
आणि गाळात हँडलपर्यंत रुतलेली
कुणाची तरी सायकल.

कचेरीत नव्या साहेबांना वाटलं होतं, मानस म्हणजे मन.
मानस म्हणजे दार, साहेब.
माट्टीच्या लाकडाचं, वरून लोंबणारं.
नदी चढली की तिच्याच रेट्यानं मिटतं,
उतरली की आतल्या पाण्यानं उघडतं.
वीज नाही, मोटर नाही,
चालकाचं पद मंजूर नाही.

बोस्त्यांव तिथे चिऱ्याच्या खांबाला टेकून बसला होता,
जाळ्याची गाठ दातात धरून.
त्याला कुणी नेमलं नव्हतं.
रात्री बांधाला कान लावून
कुर्ल्यांनी पाडलेली भोकं तो ऐकायचा.
माझ्या दरसूचीत ह्या कामाला बाब नाही.

बेंचमार्क होता कुरसाच्या पायरीवर.
तिथून सात वेळा डंपी हलवली,
बुडबुडा मध्यावर आणला, आकडे लिहिले,
परतीच्या फेरीत फरक चार मिलिमीटर.
मी खूश. यल्लाप्पाने विडी पेटवली.
बांधाचा माथा जुन्या नकाशाशी
तंतोतंत जुळत होता.

मग फुटला का?

बोस्त्यांव उठला, कोयता घेऊन
गुडघाभर चिखलात उतरला, आणि खांबावरची
कालवं खरवडू लागला. कड्-कड्, कड्-कड्.
धारदार कवचं, बोटातून रक्त,
त्यानं ते पाण्यात बुडवून पुसलं.
आत एक खाच होती. आडवी, छिन्नीची.
"पायनं मारिल्ली," तो म्हणाला.
"तेन्ना कालवां हांगासर थांबताली."
खाचेवर त्यानं पंजा ठेवला.
आता कालवं त्याच्या करंगळीच्या टोकाशी थांबत होती,
अंगठ्यापासून एक वीत वर.

मी पट्टी लावून घेतली. एकशे नव्वद.
पायरी हलली नव्हती, नकाशा हलला नव्हता.
हलली होती ती फक्त नदी,
तिची पातळी कुणी पुन्हा विचारलीच नव्हती.

माथा दोनशे मिलिमीटर वाढवावा, मी लिहिलं.
कार्यकारी अभियंत्यांनी समासात विचारलं: आधार?
आठवडाभर मी त्या शब्दाकडे पाहत राहिले.
भरतीचे तक्ते जोडले, फोटो जोडले,
शेवटी रकान्यात लिहिलं ते असं:
कालवांची वरची रेघ, स्थळपाहणीनुसार.
फाईल मडगावला गेली, पणजीला गेली,
दीडशेवर सही घेऊन आली.
पन्नास मिलिमीटर कुणी कापले, मला माहीत नाही.

काम दोन भांगांच्या मध्ये उरकलं.
गाळाचे गोळे हातोहात,
मध्ये पेंढा, बाहेरून चिरे,
म्हांबरे कंत्राटदार रोज मोबाइलवर पंचांग बघे.
नव्या खांबाचे क्यूब अठ्ठावीस दिवसांनी फोडले, पास झाले.
दार मात्र मी लाकडाचंच मागितलं,
लोखंडाचा दर कमी असूनही.
त्याचं स्पष्टीकरण अजून प्रलंबित आहे.

शेवटच्या दिवशी बोस्त्यांवनं छिन्नी आणली.
"ओल्या काँक्रीटला हात नको," म्हांबरे ओरडला.
ओलं कुठलं, महिना उलटला होता.
मी पाठ फिरवली, मोजमाप वही उघडली,
आणि ठोके ऐकत
एक बेरीज उगाच तीनदा केली.

परवा बदलीच्या आधी जाऊन आले.
उधाणाचं पाणी माथ्याखाली चार बोटं.
ते कापलेले पन्नास, मला वाटलं.
दार मिटलेलं होतं, फटीतून एक बारीक धार.
ओहोटीपर्यंत थांबले.
खाचेच्या बरंच खाली
नखाएवढं एक कालव चिकटलं होतं,
आणि त्याच्याशेजारी दुसरं,
किंचित वर.