सहा किलो दोनशे

खोक्यावरच्या फोटोत आई आहे.
आतल्या कागदावर, एक ते सात, बाणांसकट,
आईच.
कंबरपट्टा मला चार बोटं कमी पडला
तेव्हा दुकानातला मुलगा म्हणाला,
"मॅडमना घेऊन या ना सर, ट्रायलला."

मॅडम सोमवारपासून कामावर जातात.
चाकणच्या कारखान्यात मी तीन महिन्यांची
बिनपगारी रजा टाकली
तेव्हा साहेबांनी दोनदा विचारलं,
घरी आजारी कोण आहे?

रविवार पेठेत एका बोळाच्या तोंडाशी
बशीर तांबोळी सॅक शिवतात.
गड चढणाऱ्या पोरांच्या सॅक, शाळेची दप्तरं,
गणपतीआधी पथकांच्या ढोलांचे पट्टे.
कॉलेजात माझाही त्यांनीच शिवला होता.
त्यांना आठवत नाही. माझ्या कमरेला आठवतो.

टेप छातीभोवती फिरवला, मग पोटाभोवती.
"वजन?"
"माझं?"
"प्रवाशाचं."
सहा किलो दोनशे, मी म्हणालो,
काल दवाखान्यातल्या काट्यावर, उघडी.
त्यांनी वहीत लिहिलं, नऊ.
"पोरं वाढतात. शिलाई वाढत नाही."

मशीन सुरू झालं, थांबलं.
दोरा बदलला. जाड, मेणाचा.
मग मान वर न करता,
"तीन झाली मला. रस्त्यात कधी कडेवर घेतलं नाही.
अब्बा दुकानात बसायचे. लाज वाटायची."
कसली, ते मी विचारलं नाही.
त्यांनी टाका मागे घेतला
आणि त्याच जागेवरून पुन्हा पुढे नेला.

मी क्वालिटीत आहे.
विश्वास ठेवण्याचा पगार मला मिळत नाही.
घरी येऊन पाच किलो इंद्रायणी,
एक किलो तूरडाळ, दोनशे ग्रॅम शेंगदाणे
टॉवेलात गुंडाळून छातीशी बांधले.
चार मजले उतरलो, चढलो.
वाकून चप्पल उचलली. मुद्दाम शिंकलो.
दुसऱ्या मजल्यावर आगटे काकूंनी दार किलकिलं केलं,
"वाण्याने पिशवी नाही दिली?"
तांदूळ शांत होता.
एक टाका हलला नाही.
पास.

मग रुंजीला बसवलं
आणि तपासणीच्या तक्त्यात नसलेलं सगळं सुरू झालं.
वजन गरम असतं.
वजन उचकी देतं, ती माझ्या बरगडीत लागते.
वजन शर्टाचं दुसरं बटण तोंडात घेतं
आणि मध्येच, काही न कळवता,
दुप्पट जड होऊन झोपतं.

लकडी पुलावर, सिग्नलला,
स्कार्फमधून फक्त डोळे दिसणारी स्कूटर म्हणाली,
"टोपी कानांवर ओढा."
पुढे रसवाला, "पाय दुमडलेत हो तिचे."
मग एक आजोबा, थांबून, काठी टेकून,
"आई कुठंय?"
ऑफिसात.
"बरं," म्हणाले, आणि तरी माझ्यामागे
पूल संपेपर्यंत आले.

मॉलमध्ये दुपटं बदलायचा ओटा
बायकांच्या दारामागे होता.
मी जिन्याच्या पायरीवर गुडघे जोडून ओटा केला.
पहारेकऱ्याने तोंड फिरवलं
आणि पाठीमागे हात धरून
जिन्यात कुणाला येऊ दिलं नाही.

आत, डाव्या बाजूला, बशीरभाईंनी
न सांगता एक खिसा लावलाय.
दोन बोटं जातील एवढाच.
फोन केला, कशाला हो?
"लागेल."
आतापर्यंत त्यात: टोपीचा तुटलेला बंद,
पार्किंगची चिठ्ठी,
पाताळेश्वराच्या आवारात तिने मुठीत धरून
सोडलंच नाही ते पिवळं पान.

संध्याकाळी केतकी आली, चपला न काढता म्हणाली,
"दे, मी घेते."
पट्टा तिच्या कमरेवरून घसरला.
ओढला, पुन्हा घसरला.
रुंजी मधल्या हवेत, पाय झाडत.
"हा तर तुझाच झाला," ती म्हणाली.
हसली नाही.

उद्या पुन्हा रविवार पेठ.
आत घ्यायला, बाहेर सोडायला
आणखी एक बक्कल लावता येईल का, विचारीन.
मापाला तिलाही नेतो.