बारा घंटांचा हिशेब

बारा घंटा. दर फेरीत प्रत्येकीनं एकदाच बोलायचं,
आणि झालेला क्रम पुन्हा यायचा नाही.
किती फेऱ्या होतील?
कॉर्नवॉलमधल्या त्या मनोऱ्याखाली थर्झा पेनगेलीनं
पोस्टाच्या जुन्या वहीच्या मागल्या पानावर गुणाकार केला होता:
सत्तेचाळीस कोटी नव्वद लाख एक हजार सहाशे.
न थांबता वाजवलं तर अडतीस वर्षं.
पेट्रॉक म्हणाला होता, मग चहा आधी घेऊ.

मोठा मनमिळाऊ आकडा.
दोनानं भागा, सातानं, अकरानं, बारानं,
कुणाला नाही म्हणत नाही. बाकी शून्य.
पण त्यातून एक काढून घ्या:
उरते ती मूळ संख्या, कडी लावून बसलेली,
एक आणि स्वतः, तिसऱ्याला आत घेत नाही.
एक मिळवलात, तर तेरानं भाग जातो,
आलेल्या उत्तराला पुन्हा तेरानं,
नसलेली तेरावी घंटा दोनदा दार वाजवून गेल्यासारखी.

हे तिनं नोव्हेंबरात काढलं,
सातवीचा दोर गुंडाळून खुंटीला टांगल्यावर.
मग अकरांचाही हिशेब केला.
वजा एकच माणूस झाला होता;
उरली तीन वर्षं, वर दोन महिने.
पुन्हा ताडून पाहिलं. तेवढीच.

रविवारी अकराजण आले.
थर्झानं आपला दोर धरला, मान हलवली.
सहावीनंतर, आठवीच्या आधी,
एका ठोक्याएवढी जागा
कुणी न सांगता सगळ्यांनी सोडली.

तिनं ती मोजली.