मानशीपाशी

फोंड्याच्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर,
सोमवार-गुरुवार, चार तास.
बाबांच्या दंडातलं रक्त नळीतून
त्या पांढऱ्या कांडीत शिरतं.
कांडीत केसाहून बारीक पोकळ धागे, हजारो.
धाग्याच्या आत रक्त, बाहेर पाणी,
दोघं उलट दिशांना वाहणारी.
मधे भिंत.
भोकं आहेत म्हणूनच कामाची.

नववीला मी दर वर्षी पेशी काढते, खडूनं.
मुलं अंड्यासारखी गोल उतरवून घेतात,
भोवतीच्या रेघेला नाव देतात
आणि आत पळतात, केंद्रकाकडे.
रेघेपाशी कुणी थांबत नाही.

बाबा थांबले. चाळीस वर्षं,
शिरोड्याच्या खाजनात, जुवारीच्या बांधावर.
भरतीला मानशीची लाकडी दारं आपसूक मिटायची,
सुकतीला आतल्या पाण्याच्या रेट्यानं उघडायची.
मग माणूस कशाला, लोक विचारायचे.
किती खारं आत घ्यायचं ते दाराला कळत नाही, बाबा म्हणायचे.
थोडं लागतंच, शेवटांना,
चिकोळात निजलेल्या तिसऱ्यांना.
सगळंच अडवलंस तर शेत नाही, डबकं होतं.

कधी रात्री बांधावरून ते एकच हाळी घालत.
घरी येत नसत.
हाळी उंबऱ्याशी यायची, तिथंच विरायची,
पण आत आई उठून चूल पेटवायची,
उल्हास जाळं शोधायचा, मी कंदील.
बाहेरचं बाहेरच राहायचं
आणि आत सगळं हलायचं.
पेशीच्या दारावरही असंच होतं, हे मी
फार उशिरा वाचलं, परीक्षेपुरतं.

आता दिवसाला तीन पेले पाणी. मीठ नाही.
नदी मोजून आत घेणारा माणूस
औषधाच्या गोळीपुरता घोट राखून ठेवतो
आणि पेज समोर आली की
माझ्याकडे बघत नाही.

सिस्टर लिगोरिना काटा वाचते :
आज दोन किलो चारशे काढायचं.
बाबांना डुलकी लागते.
त्यांच्या पेशींना नाही.
तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत,
पुन्हा तीन, पुन्हा दोन,
फुकट नाही, साखर जाळून,
बांध फुटू नये म्हणून.
मी त्यांच्या दंडाला बोटं लावते.
कातडीखाली धार थरथरते,
मांजर घुरघुरावी तशी.

मशीन किणकिणतं. डोळे न उघडता ते विचारतात,
सुकती लागली गो?
मी घड्याळ बघते.
अजून चाळीस मिनिटं, बाबा.

काय म्हणाले, लिगोरिना विचारते.
काही नाही. वेळ विचारली.