चौऱ्याण्णव

ग्लदानीतल्या आमच्या इमारतीत
लिफ्टला नाणं लागतं, जिन्याला गुडघे,
आणि रात्री आठनंतर इंटरनेटला नशीब.

सातव्या मजल्यावरची त्सिआला
थेस्सालोनिकीतल्या बहिणीशी नर्दी खेळते.
फासे पडतात, म्हणजे पडायला निघतात,
आणि मधेच ते गोल गोल फिरणारं कडं.
बहिणीचं तोंड अर्धं उघडं राहतं,
जांभईत की हसण्यात, कळत नाही.

महिनाभर तिनं आठव्या मजल्यावरच्या नुगझारला शिव्या दिल्या,
त्याचा पोरगा म्हणे रात्रभर सिनेमे उतरवतो.
कंपनीतला मुलगा फोनवर गोड बोलायचा:
बंद करा, दहापर्यंत मोजा, पुन्हा चालू करा.
तिनं मोजलं. एकदा वीसपर्यंतही मोजलं.

पण ही बाई एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती.
कुठली दोरी कुठल्या भोकात
हे तिला झोपेतही ठाऊक असायचं.
तिनं किराण्याच्या वहीत रकाने पाडले:
वेळ, आकडा, हवेतून, तारेतून.
आणि मला, सहाव्या मजल्यावरच्या भाडेकरूला,
शिडी धरायला बोलावलं.

आधी हवा.
माझ्या फोनवर तेवीस नावं दिसली,
"दातोचं घर", "पासवर्ड मागू नका", "मांजर",
आणि तेवीसच्या तेवीस सहाव्या चॅनेलवर.
"हे बघ," ती म्हणाली, "जेवणाच्या टेबलावर
तमादा नाही, आणि सगळे एकदमच उठून
टोस्ट म्हणताहेत. ऐकणार कोण?"
मग आम्ही लिफ्टमध्ये नाणी टाकत
दारोदार फिरलो, निवडणुकीत फिरतात तसे.
तुम्ही एक घ्या, तुम्ही सहावरच राहा, तुम्ही अकरा.
चौथ्या मजल्यावरच्या मझेवनारनं आधी चर्चखेला खाऊ घातल्या,
मग राउटर दाखवला:
क्रिस्टलच्या पेल्यांच्या कपाटात, आरशामागे, वर क्रोशाचा रुमाल.
नुगझारनं दार उघडलं. पोरगा दोन वर्षांपूर्वीच
पोलंडला गेलाय, म्हणाला.
त्सिआला काही बोलली नाही. नाणं मात्र परतताना तिनं
दोनदा खाली पाडलं.

संध्याकाळचा चार नऊवर आला.
नऊवर येऊन बसला तो बसलाच.
पैसे शंभरचे.
पहाटे तीनला गजर लावून ती उठली,
तार थेट लॅपटॉपला जोडली: नऊ.
दुपारी, इमारत कामावर गेलेली: नऊ.
"गर्दी असती तर पहाटे विरळ झाली असती," ती म्हणाली.
"घोडं तारेतच पेंड खातंय."

गच्चीवरून खाली, बोटानं चाचपत,
कबुतरांच्या घाणीतून, कुणाच्या तरी सायकलीमागून,
आठवा मजला, सातवा,
आणि तिच्याच दारापाशी बोट थांबलं.
चोरांच्या भीतीनं बसवलेलं लोखंडी दार,
त्याची बिजागरी तारेला रोज चावत होती,
दूध आणायला जाताना एकदा, येताना एकदा.
आत चार धागे. एक तुटत आलेला.
ती बराच वेळ ते दार
उघडत राहिली, लावत राहिली.
मग म्हणाली, "कात्री."

नवी तार वरच्या चौकटीतून घेतली,
चिमट्यानं टोक आवळलं.
चौऱ्याण्णव.
वहीत तिनं आकडा लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या,
आणि नुगझारला मोठी बरणी भरून
आंबट आलुबुखाराची चटणी पाठवली, चिठ्ठीशिवाय.

त्या रात्री मी अजून तिथंच होतो, हत्यारं गोळा करत.
फासे पडले. खरोखर पडले, दोन पाच.
बहीण पडद्यावर इतकी स्वच्छ
की मागच्या फरशीचा तडा दिसावा,
दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरातला,
दुसऱ्यांच्या म्हाताऱ्याची औषधं ओळीनं मांडलेली.
"बोटांना काय झालं?" त्सिआलानं विचारलं.
"कुठं काय?"
"पट्टी बांधलीयस. तीन बोटांना."

फासे हातात तसेच धरून
बहीण जरा बाजूला सरकली.
"आवाज तुटतोय गं," ती म्हणाली,
"तुमच्याकडची लाइनच खराब. उद्या बोलू."

त्सिआलानं माझ्याकडं पाहिलं.
मी शिडी उचलली.