कोरडा कूलर

दिवाळीला अजून नऊ दिवस,
आणि हुडकेश्वर रोडच्या पोट्ट्यांनी
आजच एक सुतळी बॉम्ब वाजवून पाहिला,
माल सादळला तर नाही ना, म्हणून.

टिकली दिवाणाखाली.
कपाळावरचा पांढरा ठिपका तेवढा दिसतो
अंधारात, जुन्या चपलांच्या डब्याशेजारी.
तो ठिपकाही थरथरतो.

मागच्या वर्षी मी चुकले होते.
"काही नाही, काही नाही" म्हणत
तिला पुढच्या पायांना धरून बाहेर ओढलं.
नखं फरशीवर घासत आली.
तो आवाज अजून माझ्या दातांत आहे.

सेमिनरी हिल्सच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाल्या,
ओढू नका. लपू द्या.
लपायला जागा असणं हेच अर्धं औषध.
उरलेलं अर्धं एका गोळीत, चतकोर करून,
आणि मोबाईलवर फटाक्यांचा आवाज, अगदी बारीक,
जेवणाच्या वेळी, रोज एक रेघ वाढवत.

मी वही घातली.
सोमवार, एक रेघ, खाल्लं.
मंगळवार, दोन रेघा, खाल्लं.
बुधवार, तीन, वाटी चाटून पुसून.
गुरुवारी वरच्या मजल्यावर मोटघऱ्यांकडे
कुकर हातातून सुटला
आणि वही संपली.

बाबा हे सगळं खुर्चीतून पाहत होते.
एकतीस वर्षं उमरेडकडच्या खाणीत
सुरुंग उडवणारा माणूस.
उजव्या कानाने काहीच ऐकू येत नाही,
डाव्याने हवं तेवढंच.
म्हणाले, "तिले धमाक्याचं भेव नाही, बाई.
भोंगा वाजते,
अन् मंग धमाका होयेपर्यंत
जे चुप्प असते ना,
त्याचं भेव हाये."

"तुम्हाला वाटायचं?"
त्यांनी माझ्या प्रश्नाकडे
उजवा कान केला.

संध्याकाळी ते गच्चीवर गेले,
ताडपत्री सोडली,
कूलर जिन्यावरून एकट्याने उतरवला,
त्र्याहत्तराव्या वर्षी, माझं न ऐकता.
जाळ्यांमधलं गवत उपसून काढलं.
पाणी नाही. पंप बंद. नुसता पंखा, तीनवर.

गल्लीत लोक स्वेटर शोधत होते
आणि आमच्या घरात मे महिना सुरू झाला.
तोच घरघराट,
ज्यात परीक्षा संपलेल्या दुपारी आम्ही सगळे झोपलो,
ज्यात आई-बाबांचं भांडण
शेजाऱ्यांना कधी कळलं नाही.
मोटघरे काकू जिन्यात थांबून म्हणाल्या,
"काहून जी, तब्येत बरी हाये ना?"

मग बाबा दिवाणाशी फरशीवर आडवे झाले,
अंगावर घोंगडी.
टिकलीकडे पाहिलं नाही. हाक मारली नाही.
एक हात तेवढा आत सरकवून ठेवला, उपडा,
पडून राहिलेल्या टॉवेलसारखा.
असं नऊ संध्याकाळी.
तिसऱ्या दिवशी तिने तो हात हुंगला.
पाचव्या दिवशी पुन्हा कोपऱ्यात.
मी म्हटलं, उपयोग नाही.
ते काही म्हणाले नाहीत.

लक्ष्मीपूजनाला आठ वाजता
सगळी गल्ली एकदम फुटली.
कूलर चारवर. खिडक्यांना गाद्या.
तरी यायचाच आवाज,
काचेतून नाही, फरशीतून.

मी वाकून पाहिलं.
दोन बॉम्बांच्या मधल्या शांततेत
बाबांची बोटं वर होत होती,
एक, दोन, तीन, चार,
खाली. पुन्हा एक, दोन.
झोपेत नव्हते. डोळे उघडे,
कुठल्यातरी खोल काळ्या खड्ड्याच्या काठावर.
टिकली पोटावर सरपटत आली
आणि तिने आपली सगळी हनुवटी
त्या बोटांवर ठेवून दिली.

मोजायला एकही बोट मोकळं राहिलं नाही.

थरथर थांबली नाही, खोटं का बोलू.
साडेअकराला मी वही परत काढली.
लक्ष्मीपूजन. रेघा मोजल्या नाहीत.
खाल्लं: अर्धी पुरणपोळी,
बाबांच्या ताटातली.
बाबांनी: उरलेली अर्धी.